नाणेघाटाचा रांजण आणि आभाळातून पडणारी नाणी

जुन्नरहून चावंड किल्ला मागे टाकत घाटघर गाठलं, की भातखाचरांमधून जाणारा रस्ता थोड्याच वेळात संपतो. खरं तर जमीनच संपते. समोर नाणेघाटाची खिंड, बाजूला जीवधन किल्ल्याचा कडा आणि सहा-सातशे मीटर खाली कोकण. खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात या रांजणात टाकत, असं सांगतात. थोडं खाली गुहेच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा.

इथे उभं राहिलं की एक कोडं पडतं. अरबी समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण जवळच पूर गावच्या कुकडेश्वर मंदिरापाशी उगम पावणारी कुकडी नदी समुद्राकडे पाठ फिरवते. ती पूर्वेला जाऊन घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि घाटघरच्या डोंगरावर पडलेला पाऊस अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचतो. कड्यावरून दोन पावलं पश्चिमेला पडलेला थेंब मात्र तासाभरात कोकणात. मग हा कडा पहिल्यापासून इथेच होता, की पश्चिमेकडून झिजत झिजत मागे सरकत आला? सरकत असेल तर हजार वर्षांत किती? वीतभर, हातभर?

माणसाच्या आयुष्यात डोंगर झिजताना दिसत नाही. जुन्या नोंदी शोधाव्यात तर त्या फार तर दोन हजार वर्षं मागे नेतात. पण दगडाने स्वतःच एक नोंद ठेवली आहे. ती वाचण्याची युक्ती नाणेघाटाच्या रांजणासारखीच आहे: ठरावीक वेगाने नाणी पडत असतील, तर रांजणातली नाणी मोजून तो किती दिवस उघडा होता हे सांगता येतं.

दगडाचं वय वेगळं, पृष्ठभागाचं वय वेगळं

सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, लाव्हारसाच्या थरांतून तयार झाला. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचले. घाटात दिसणाऱ्या पायऱ्या-पायऱ्यांच्या डोंगररांगा म्हणजे तेच थर. पण शिवनेरीच्या कड्याला हात लावताना आपण साडेसहा कोटी वर्षं जुन्या पृष्ठभागाला हात लावत नसतो. दगड तेवढा जुना आहे; त्याचा हा चेहरा मात्र केव्हा उघडा पडला, हा निराळा प्रश्न आहे.

ओतूरच्या बाजारातला कांदा घ्या. तो शेतातून निघाल्याची तारीख एक. पण वरची पापुद्र्याची साल आज सकाळी गळाली असेल, तर आता दिसणारी लाल साल आज सकाळपासूनच उजेडात आहे. डोंगराचंही तसंच. जुन्नर-आंबेगावात विहीर खणताना काळ्या दगडाचे गोल गोटे लागतात आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात. ही उपमा नाही, प्रत्यक्ष प्रक्रिया आहे. पाणी भेगांतून शिरतं, दगडाचे कोपरे आधी कुजतात, पापुद्रे सुटतात, त्यांचा मुरूम होतो, मुरमाची माती होते आणि माती पावसाबरोबर ओढ्याला जाते.

दगडाचं वय काढायच्या रीती जुन्या आहेत. लाव्हा थिजला तेव्हा आतलं घड्याळ सुरू झालं, तेच त्या वाचतात. भूरूपाचं वय काढायला दगड उजेडात आल्यावर सुरू होणारं घड्याळ हवं. ते घड्याळ आभाळ पुरवतं.

विश्वकिरणांचा पाऊस

नारायणगावजवळच्या खोडदला ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या शेताशिवारांत पसरून आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. रेडिओ लहरींखेरीज आणखीही काही आभाळातून सतत येत असतं, आणि ते टिपायला तबकडी लागत नाही. शिवारातला प्रत्येक दगड ते टिपतो. ते म्हणजे विश्वकिरण.

नाव किरण असलं तरी हे मुख्यतः अतिवेगवान कण आहेत, बहुतांशी प्रोटॉन. त्यांतले पुष्कळसे आपल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या स्फोटांतून वेग घेऊन येतात, असं मानलं जातं. १९१२ साली व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यात बसून पाच किलोमीटरहून उंच गेला, तेव्हा वर जावं तसा हा मारा वाढतो हे त्याला आढळलं. म्हणजे त्याचा उगम जमिनीत नसून बाहेर होता. १९३६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

हे कण हवेच्या वरच्या थरात नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात आणि कॅरमच्या पहिल्या फटक्यासारख्या सोंगट्या चौफेर उधळतात. त्यांतल्या काही सोंगट्या, म्हणजे न्यूट्रॉन आणि म्यूऑन, जमिनीपर्यंत पोचतात. हा मजकूर वाचताना आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो आहे. दगडात नाणी टाकायचं काम मात्र मुख्यतः न्यूट्रॉनांचं.

या विषयाची पायाभरणी ज्यांनी केली त्यांत देवेंद्र लाल हे नाव आघाडीचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी विश्वकिरणांवर काम सुरू केलं. खोडदची दुर्बीणही याच संस्थेच्या केंद्राची. पुढे ते अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. विश्वकिरणांनी खडकात उमटवलेल्या खुणांवरून झीज कशी काढायची, याचं गणित त्यांनी १९९१ च्या एका शोधनिबंधात मांडलं. जगभरचे भूशास्त्रज्ञ आजही त्याच गणितापासून सुरुवात करतात.

नाणं कसं पाडतात

उदाहरण म्हणून गारगोटी घेऊ. गारगोटी म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग. ऑक्सिजनच्या अणुकेंद्रात ८ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन असतात. वेगवान न्यूट्रॉन त्यावर नेमका आदळला की केंद्राचे तुकडे होतात. कधी कधी मागे ४ प्रोटॉन आणि ६ न्यूट्रॉनांचा गोळा उरतो. हे बेरिलियम-१०. निसर्गात सापडणाऱ्या नेहमीच्या बेरिलियममध्ये ५ न्यूट्रॉन असतात, म्हणून हे भावंड वेगळं ओळखू येतं. मूलद्रव्य तेच पण वजन वेगळं, अशा भावंडांना समस्थानिकं म्हणतात. त्याचप्रमाणे सिलिकॉनच्या केंद्रातून एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन निघून गेला की ॲल्युमिनियम-२६ तयार होतं.

ही आपली नाणी. ती दगडाबाहेरून येऊन चिकटत नाहीत, दगडाच्या आतच पाडली जातात. वेग किती? समुद्रसपाटीला, ध्रुवांकडच्या प्रदेशात, एक ग्रॅम गारगोटीत वर्षाला बेरिलियम-१० चे जेमतेम ४ अणू. वर्षाला चार नाणी! पण दगडाला घाई नसते.

हा वेग सगळीकडे सारखा नाही. डोक्यावर हवा कमी असेल तर मारा जास्त. कोकणातल्या पायथ्यापासून जीवधनच्या माथ्यापर्यंत चढताना तो जवळपास दुप्पट होतो. पृथ्वीचं चुंबकत्व विषुववृत्ताकडे येणारे बरेच कण बाहेरच वळवतं, त्यामुळे आपल्या अक्षांशावर तो ध्रुवांपेक्षा कमी. उभ्या कड्याला अर्धंच आभाळ दिसतं, म्हणून त्याची नाणीही कमी. नमुना घेणारा माणूस हातोड्याबरोबर होकायंत्र आणि कोनमापक बाळगतो तो याचसाठी: चहूबाजूंचे डोंगर किती आभाळ झाकतात, ते त्याला टिपून ठेवावं लागतं.

नाणी झिजतातही. बेरिलियम-१० किरणोत्सारी आहे. सुमारे १४ लाख वर्षांत त्याचे निम्मे अणू नाहीसे होतात. ॲल्युमिनियम-२६ चं अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षं. म्हणून साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सुरुवातीची शिल्लक शून्य असते. आज जे सापडेल ती अलीकडची कमाई.

कातळ किती आत झाकतो?

ही नाणी फक्त वरच्या थरात पडतात. काळ्या पाषाणात दर ४० सेंटिमीटर खोलीला मारा साधारण निम्मा होतो. हातभर खाली अर्धा, दोन हात खाली पाव, आणि तीन मीटरवर शेकड्यात एकही नाही. म्हणजे डोंगराच्या पोटातला दगड झाकणाखालचा रांजण आहे. वरचा थर झिजत गेला की तो हळूहळू उघडा पडतो आणि त्यात नाणी जमायला लागतात.

झीज इथून मोजता येते. एक कण मुरमाबरोबर वर वर येतो आहे असं समजा. नाणी पडणारा महत्त्वाचा पट्टा सुमारे ६० सेंटिमीटर जाडीचा. कण तो लवकर ओलांडून पृष्ठभागावर आला तर त्याच्याकडे नाणी थोडी, रेंगाळत आला तर पुष्कळ. आकडे घालून पाहू, फक्त समजण्यासाठी. गारगोटीच्या एका ग्रॅममध्ये बेरिलियम-१० चे २,४०,००० अणू सापडले. वर्षाला ४ या वेगाने ते जमायला ६०,००० वर्षं लागली. तेवढ्या काळात कणाने ६० सेंटिमीटरचा पट्टा ओलांडला. म्हणजे झीज हजार वर्षांना १ सेंटिमीटर.

या वेगाने नागनिकेच्या काळापासून आजवर उघड्या कातळाचे २ सेंटिमीटर गेले असते, आणि उघड्यावर कोरलेलं अक्षर त्याबरोबर पुसलं गेलं असतं. लेख गुहेच्या आडोशाला आहे म्हणून, खराब झाला तरी, अजून वाचता येतो.

चाणाक्ष वाचकाला इथे शंका येईल. २,४०,००० अणूंची दुसरी गोष्टही सांगता येते ना? कातळ मुळीच झिजत नाही, ६०,००० वर्षांपूर्वी कडा कोसळून तो एकदम उघडा पडला आणि तेव्हापासून तसाच आहे. आकडा तोच, गोष्टी दोन! शंका रास्त आहे, आणि या पद्धतीतली मुख्य अडचण हीच. तिला उत्तर खोलीतून मिळतं. विहिरीच्या काठापासून तळापर्यंत ठरावीक अंतरांवर नमुने घेतले, तर खाली जाताना नाणी कशी घटतात हे कळतं. सावकाश झिजणाऱ्या जमिनीत खोलवर पोचणाऱ्या म्यूऑनांची जुनी कमाई जास्त दिसते; एकदम उघड्या पडलेल्या जमिनीत ती तेवढी नसते. दोन वेगळ्या अर्धायुष्यांची नाणी एकत्र मोजली तर आणखी एक दुवा हाती येतो. आणि शेवटी डोळे लागतातच. कातळावर पापुद्रे सुटत आहेत की नाही, हे प्रयोगशाळेतून दिसत नाही.

काळ्या पाषाणात गारगोटी कुठे?

आपल्या भागात या पद्धतीला एक खास अडसर आहे. बेरिलियम-१० साठी गारगोटीसारखं शुद्ध स्फटिक लागतं, आणि बेसाल्टच्या अंगात ते नसतं. पण थंड होणाऱ्या लाव्ह्यातून वाफा निसटताना जे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढे पाण्याने गारगोटी, अकीक आणि पांढरी झिओलाइटं भरली. घाटातल्या ओढ्यात काळ्या गोट्याच्या पोटात दिसणारा दुधी ठिपका तोच. पूर्वी चकमकीवर ठिणगी पाडायला हीच गारगोटी वापरत. ती कठीण असते. भोवतालचा काळा दगड कुजून गेला तरी ती वाळूत टिकते. पण सगळ्या लाव्हाथरांत ती सारखी नसते, त्यामुळे कोणत्या उतारावरून ती आली आहे याचा विचार आधी करावा लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे बेसाल्टच्याच खनिजांत पडणारी वेगळी नाणी. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन या गडद खनिजांत हेलियम-३ जमतं. ते झिजत नाही, पण खडकात आधीपासून अडकलेलं हेलियम वेगळं काढावं लागतं. तिसरं नाणं क्लोरीन-३६, कॅल्शियम आणि पोटॅशियमपासून होणारं, सुमारे ३ लाख वर्षांच्या अर्धायुष्याचं. बेसाल्टात कॅल्शियम भरपूर, म्हणून हेही उपयोगी.

मूठभर वाळूत अख्खं खोरं

एकेक कातळ तपासत बसलं तर आयुष्य पुरणार नाही. त्यावर तोडगा ओढ्याने काढून ठेवला आहे. ओढा खोऱ्यातल्या प्रत्येक उतारावरची माती आणि वाळू आणून एकत्र मिसळतो. त्या मिसळलेल्या वाळूतली नाणी मोजली, की साऱ्या खोऱ्याची सरासरी झीज कळते. भाताचं शीत पाहून अख्खं भांडं शिजलं का ते सांगावं, तसं.

कुकडी, मीना, घोड या नद्यांवर हे करताना धरणांकडे लक्ष ठेवावं लागतं. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, डिंभे या जलाशयांत वरचा गाळ अडतो. धरणाखालची वाळू मग वरच्या घाटमाथ्याची बातमी देत नाही. म्हणून नमुना जलाशयाच्या वर घ्यायचा: घोडसाठी आहुप्याकडच्या ओढ्यांत, कुकडीसाठी पूर-घाटघरच्या बाजूला.

दुसरी सावधगिरी आंबेगावने फार महाग शिकवली आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी अतिवृष्टीत डोंगर सुटून माळीण गाव गाडलं गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. दरड कोसळते तेव्हा कित्येक मीटर खोलीवरचा, म्हणजे जवळजवळ नाणी नसलेला, दगडमातीचा ढिगारा एका रात्रीत ओढ्यात येतो. त्यानंतर घेतलेल्या वाळूत नाणी कमी सापडतात आणि झीज खऱ्यापेक्षा जास्त भासते. म्हणून एकाच ओढ्यावर विसंबून चालत नाही. लहान-मोठे बरेच ओढे, आणि शक्य तर वेगवेगळ्या वर्षांचे नमुने लागतात. सह्याद्रीची झीज रोजच्या पावसाने थेंबाथेंबाने होते आणि मधूनच अशा एका रात्रीतही होते. नाण्यांची सरासरी दोन्हींना पोटात घेते, फक्त ती हजारो वर्षांवर पसरलेली असते.

नाणेघाटावरच्या पहिल्या कोड्याचा धागाही इथे सापडतो. सह्याद्रीच्या दक्षिण भागात, नद्यांच्या वाळूतल्या बेरिलियम-१० वर बेतलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथे कड्याच्या तीव्र उतारावरची झीज माथ्यावरच्या पठारापेक्षा बरीच जास्त आढळली. कारण समजायला सोपं आहे. कोकणात उतरणारा ओढा थोड्या अंतरात सहा-सातशे मीटर कोसळतो, कुकडी तेवढी उंची गमवायला कितीतरी लांब जाते. पडणारं पाणी जोमाने कापतं. पश्चिमेची बाजू वेगाने झिजली की कडा पूर्वेला सरकतो, आणि कुकडी-घोडच्या उगमांची जमीन कोकण हळूहळू आपल्याकडे ओढतं.

पुरलेला रांजण: बोरीची राख

आतापर्यंत नाणी जमताना पाहिली. उलटही करता येतं. उघड्यावर नाणी जमवलेला गोटा नदीच्या गाळाखाली दहा-पंधरा मीटर गाडला गेला, तर नवी नाणी पडायची थांबतात आणि जुनी झिजत राहतात. सातवाहनांची नाणी शिशाची असत तशी तांब्याचीही. समजा रांजणात दोन धातूंची नाणी ठरलेल्या प्रमाणात पडत होती आणि एक धातू दुसऱ्याच्या दुप्पट वेगाने झिजतो. मग उरलेलं प्रमाण पाहून रांजण केव्हा बुजवला ते सांगता येईल. गारगोटीत ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० सुरुवातीला सुमारे ७ ला १ असे असतात. गाडले गेल्यावर दर १४ लाख वर्षांनी हे प्रमाण साधारण निम्मं होतं.

चेन्नईजवळच्या अत्तिरमपाक्कमला पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत वापरली. तिथल्या आदिमानवाच्या हातकुऱ्हाडी क्वार्टझाइटच्या, म्हणजे गारगोटीच्याच जातीच्या दगडाच्या. त्यांची वयं सुमारे १५ लाख वर्षं निघाली. २०११ साली हे प्रसिद्ध झालं आणि भारतातल्या सर्वांत जुन्या हातकुऱ्हाडींत त्यांची गणना झाली.

जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीलाही आदिमानवाची हत्यारं मिळाली आहेत. तिथल्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. राखेचं वय ठरलं तर हत्यारांच्या काळाला आधार मिळेल. पण ते वय एका मोजणीत सुमारे १४ लाख वर्षं आलं, दुसरीत सुमारे ६ लाख ७० हजार, आणि काही तज्ज्ञांच्या मते ही राख टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे फक्त ७५ हजार वर्षांपूर्वीची. वाहून आलेल्या राखेत जुन्या खडकाचे कण मिसळले तर वय फुगतं, हे वादाचं एक कारण. अत्तिरमपाक्कमची युक्ती इथे थेट चालत नाही, कारण बोरीची हत्यारं मुख्यतः काळ्या पाषाणाची. तिथे गाळातल्या गारगोटीच्या कणांकडेच वळावं लागेल.

लोणारचा तंटा

काळ्या पाषाणात हे घड्याळ चालतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर उल्कापाताने बेसाल्टात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. आघाताने वितळून झालेल्या काचेतला आर्गॉन मोजून २०११ साली त्याचं वय ५ लाख ७० हजार वर्षं सांगितलं गेलं. २०१४ साली जपानी आणि भारतीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने विवरावरच्या नमुन्यांतलं बेरिलियम-१० आणि ॲल्युमिनियम-२६ मोजलं. जोडीला, आघातापूर्वीच्या मातीचं कार्बन-१४ वय घेतलं. त्यांच्या हिशेबाने विवर सुमारे ३७,५०० वर्षांपूर्वीचं निघालं, पाच हजार वर्षं इकडे-तिकडे.

पंधरापट फरक! या गटाचं म्हणणं असं, की काच पूर्ण वितळली नसावी आणि साडेसहा कोटी वर्षं जुन्या बेसाल्टाचा आर्गॉन तिच्यात उरला असावा. लोणारने आणखी एक गोष्ट सांगितली. काठावरच्या निरनिराळ्या जागांची वयं ज्या रीतीने पसरली होती, त्यावरून विवराचा काठ आजही झिजतो आहे असं दिसलं. ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटातलं बॅरिंजर विवर वयाने आणि आकाराने जवळपासचं, पण तिथे चित्र वेगळं होतं. आपल्याकडचा पाऊस काठाला स्वस्थ बसू देत नाही.

साडेबाराशे कोटी कोटींत एक

एवढी थोडी नाणी मोजतात कशी? दगड फोडून, चाळून गारगोटीचे कण वेगळे काढतात. मग हायड्रोफ्लोरिक आम्लात त्यांची वरची साल विरघळवतात, कारण पावसाबरोबर हवेतलंही बेरिलियम-१० कणांना चिकटलेलं असतं आणि ते हिशेबात नको. उरलेली शुद्ध गारगोटी, समजा २० ग्रॅम, पूर्ण विरघळवून त्यातून बेरिलियम वेगळं काढतात.

आपल्या उदाहरणात या २० ग्रॅममध्ये बेरिलियम-१० चे ४८ लाख अणू असतील. पण २० ग्रॅम गारगोटीतले एकूण अणू म्हणजे सहावर तेवीस शून्यं. ही गर्दी वजनाने चाळायला कणांना प्रचंड वेग द्यावा लागतो, मग चुंबकाच्या क्षेत्रात हलका आणि जड वेगवेगळे वळतात आणि एकेक अणू मोजता येतो. या यंत्राला ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात बेरिलियम-१० आणि ॲल्युमिनियम-२६ मोजण्याची सोय आहे.

थोडक्यात (चौकट)

• विश्वकिरण दगडाच्या वरच्या थरात बेरिलियम-१०, ॲल्युमिनियम-२६, हेलियम-३, क्लोरीन-३६ असे दुर्मीळ अणू तयार करतात.
• बेरिलियम-१० चा वेग: एक ग्रॅम गारगोटीत वर्षाला मोजके काही अणू. उंचीबरोबर वाढतो.
• पुष्कळ अणू: पृष्ठभाग बराच काळ उघडा, किंवा झीज सावकाश. थोडे अणू: नुकताच उघडा, किंवा झीज वेगाने.
• ओढ्याची वाळू: साऱ्या खोऱ्याच्या झिजेची सरासरी.
• ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० यांचं प्रमाण: गाळाखाली गाडलेल्या दगडांचं वय.

मातीचा जमाखर्च

या साऱ्याचा शेतकऱ्याला काय उपयोग, असं कुणी विचारलं तर उत्तर दोन गोण्यांत आहे. हजार वर्षांना १ सेंटिमीटर, या आपल्या उदाहरणातल्या वेगाने एका एकरात वर्षाला सुमारे ११० किलो दगड कुजतो. म्हणजे पन्नास किलोच्या दोन गोण्या. निसर्ग एकराला वर्षाकाठी जास्तीत जास्त एवढीच नवी माती देतो. त्यातलाही काही भाग पाण्यात विरघळून जातो.

आता खर्च पाहा. उतारावरच्या वरकस जमिनीवर एका वळवाच्या सरीत एक मिलिमीटर माती गेली, तर एकरातून पाच टनांच्या वर माती गेली. शंभराहून अधिक गोण्या. जवळपास पन्नास वर्षांची मिळकत एका दुपारी ओढ्याला! धरणांचा गाळ हा त्याच खर्चाचा साठा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून २०१७ पासून शेतकरी तो परत शेतात नेऊन टाकतात, ते योग्यच आहे. पण वाहून गेलेली माती ट्रॅक्टरने परत आणण्यापेक्षा ती जागेवर थांबवणं स्वस्त. घाटमाथ्यावरच्या भातखाचरांचे बांध पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले आहेत.

मृगाच्या आधी आपल्या खाचराचा फुटलेला बांध एकदा पाहून घ्या. त्याच्या आतली वीतभर माती व्हायला, आपल्या उदाहरणाच्या वेगाने, दहा हजार वर्षं लागली आहेत.